जुलाब महिनाभर थांबत नाहीत? आधी तपासणी, मग पथ्य

संक्रांतीनंतरच्या रविवारी फरीदाबादमधल्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. इथे मराठी घरं मोजकीच, त्यामुळे वर्षातून एकदा तरी सगळ्या जणी जमतात. साताऱ्याहून पाच वर्षांपूर्वी इथे आलेल्या एक वहिनीही आल्या. बसायच्या आधी त्यांनी हळूच विचारलं, ‘‘बाथरूम कुठल्या बाजूला?’’ तिळगूळ घेतला, पण गुळपोळीला हात लावला नाही. निघताना माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्ही आरोग्यावर लिहिता म्हणून विचारते. आठ महिने झाले, पोट थाऱ्यावर नाही. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं. हे बोलायचं तरी कुणापाशी?’’

आठ महिन्यांत त्यांनी काय काय केलं नव्हतं! औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले होते. जुलाब थांबवायची गोळी पर्समध्ये कायमची होती. शेजारणीने दिलेला बेलाचा मुरंबा, सासूबाईंनी फोनवरून सांगितलेला डाळिंबाच्या सालीचा काढा, सुंठ, ताक-जिरं, सगळं झालं होतं. वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. हिमोग्लोबिन ८ वर आलं होतं आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वर सरकत नव्हतं. शेवटी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून तीन महिन्यांपूर्वी त्यांनी गहू सोडला. थोडं बरं वाटलं, पण पूर्ण नाही. मग रक्ताची तपासणी केली, तर रिपोर्ट नॉर्मल!

त्यांचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण त्यांच्यासारख्या कितीतरी जणी आणि जण आधी उपाय करतात आणि मग डॉक्टरांकडे जातात. जुनाट जुलाबात नेमका हाच क्रम उलटा पडतो. कारण जे उपाय आपण मनाने करतो, त्यातले काही डॉक्टरांना हवा असलेला पुरावाच पुसून टाकतात.

जुनाट जुलाब म्हणजे नेमकं काय?

बाहेरचं खाल्लं आणि दोन दिवस पोट बिघडलं, तर तो जुनाट आजार नव्हे. असे जुलाब बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने होतात आणि दोन आठवड्यांच्या आत थांबतात. त्यात मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस देऊन शरीरातलं पाणी टिकवणं महत्त्वाचं. पण शौच पातळ होणं चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ चालू राहिलं, तर डॉक्टर त्याला जुनाट अतिसार म्हणतात. आपल्या आजीच्या काळी यालाच ‘संग्रहणी’ म्हणत.

कितीदा जावं लागतं याइतकंच शौच कसं होतं हेही महत्त्वाचं. काही जण दिवसातून तीनदा जातात, पण शौच बांधून होतं. तो जुलाब नाही. त्यासाठी डॉक्टर ‘ब्रिस्टल तक्ता’ वापरतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झालेल्या या तक्त्यात शौचाचे सात प्रकार चित्रांनी दाखवले आहेत. पहिला प्रकार खड्यांसारखा घट्ट, सातवा निव्वळ पाण्यासारखा. सांगायला लाज वाटत असेल तर चित्रावर बोट ठेवलं तरी काम होतं.

वयस्कर माणसांत कधीकधी उलटाच प्रकार असतो. आतड्यात घट्ट मळ अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ शौच झिरपत राहतं. घरचे समजतात जुलाब, आणि थांबवायची गोळी देतात. मूळ त्रास मात्र बद्धकोष्ठाचा असतो आणि गोळीने तो वाढतो.

पहिली तपासणी म्हणजे बोलणं

पोटविकारतज्ज्ञ पहिल्या भेटीत बराच वेळ नुसते प्रश्न विचारतात. ‘हे काय, तपासतच नाहीत!’ असं वाटू शकतं. पण अर्धं निदान याच गप्पांत दडलेलं असतं.

रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? हा प्रश्न हमखास येतो. ताणामुळे किंवा आतड्याच्या हळवेपणामुळे होणारा त्रास सहसा माणूस झोपला की झोपतो. झोपेतून उठवणारे जुलाब आतड्यात खरोखर काही बिघडल्याची शंका देतात. शौचात रक्त किंवा आव पडते का, ताप येतो का, वजन उतरलं का, हेही त्याच कारणासाठी विचारतात.

शौच कसं आहे यावरून डॉक्टर ढोबळमानाने तीन वाटा पाडतात. पाण्यासारखं, भरपूर शौच ही एक वाट. तेलकट, फिकट, फार दुर्गंधी येणारं आणि भांड्याला चिकटणारं शौच ही दुसरी. यात अन्नातली चरबी शोषली जात नसते, म्हणून लहान आतडं किंवा स्वादुपिंड तपासावं लागतं. रक्त, आव आणि मुरडा ही तिसरी वाट. यात मोठ्या आतड्याला सूज असण्याची शक्यता असते.

मग घरातल्या औषधांची चौकशी होते. माझ्या ओळखीच्या एका काकांना वर्षभर जुलाब होत होते. डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली, तेव्हा लक्षात आलं की मधुमेहाची मेटफॉर्मिन वाढवल्यापासूनच त्रास सुरू झाला आहे. डॉक्टरांनी गोळीचा प्रकार बदलला आणि पोट ताळ्यावर आलं. मॅग्नेशियम असलेली अॅसिडिटीची औषधं, काही अँटिबायोटिक, इतकंच काय, ‘शुगर फ्री’ च्युइंगममधलं सॉर्बिटॉलदेखील जुलाब घडवू शकतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आयुर्वेदिक चूर्णांसकट सगळी औषधं सोबत न्या. मात्र शंका आली म्हणून चालू गोळी मनाने बंद करू नका.

आणखी काही प्रश्न ठरलेले असतात. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडतं का? पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय का? त्यानंतर पित्तरस थेट आतड्यात उतरत राहिल्याने काहींना जुलाब होतात. थायरॉइड वाढलाय का? घरात कुणाला असा आजार आहे का? पिण्याचं पाणी कुठून येतं, टँकरचं की बोअरवेलचं? प्रश्न खासगी वाटले तरी खरी उत्तरं द्या.

शौच आणि रक्ताच्या तपासण्या

यानंतर साध्या तपासण्या येतात. रक्तात हिमोग्लोबिन, सूज दाखवणारं सीआरपी, थायरॉइड, साखर, यकृताचं काम, प्रथिनं, लोह आणि बी-१२ पाहतात. हिमोग्लोबिन कमी आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही, याचा अर्थ आतडं लोह शोषतच नसावं किंवा कुठूनतरी रक्त जात असावं. तेव्हा ‘बायकांना अशक्तपणा असायचाच’ म्हणून सोडून देऊ नका. गरज वाटल्यास डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सांगतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, तोही नेहमीच्या तपासाचा भाग आहे.

शौचाच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली जंत, त्यांची अंडी, जिआर्डियासारखे परजीवी शोधतात. जिआर्डिया दूषित पाण्यातून येतो आणि महिनोन्महिने पोट बिघडवतो. तो दर वेळी शौचात सापडतोच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत घ्या. त्यात लघवी किंवा नळाचं पाणी मिसळू देऊ नका आणि शक्य तितक्या लवकर पोहोचवा. नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते आधी सांगा, कारण परजीवी आणि जिवाणू तात्पुरते दबलेले असू शकतात. हाच तो पुसलेला पुरावा.

‘कॅलप्रोटेक्टिन’ नावाची शौचाची आणखी एक तपासणी आता बऱ्याच लॅबमध्ये होते. आतड्याला सूज असेल तर पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. ते ५० च्या आत असेल तर आतड्याला मोठी सूज असण्याची शक्यता कमी. खूप वाढलेलं असेल तर पुढची दुर्बिणीची तपासणी टाळू नये. वेदनाशामक गोळ्यांनीही हा आकडा वाढू शकतो, म्हणून त्याही डॉक्टरांना सांगा.

गहू सोडण्याआधी थांबा

आता वहिनींकडे परत येऊ. नव्या डॉक्टरांनी त्यांचा नॉर्मल रिपोर्ट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘ही तपासणी केली तेव्हा तुम्ही पोळी खात होतात का?’’

सिलिअॅक नावाच्या आजारात गहू आणि जवातलं ग्लूटेन हे प्रथिन शरीराला चालत नाही. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात आणि अन्न शोषलं जात नाही. हा गव्हाचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांचे हे छोटे रुग्ण सुधारले. पाव परत मिळू लागला आणि दुखणंही परतलं.

आपल्याकडे हा दुर्मीळ आजार समजला जायचा. पण दिल्ली आणि आसपासच्या राजधानी परिसरातल्या १०,००० हून अधिक लोकांच्या पाहणीत ९६ माणसांमागे एकाला तो आढळला. ही पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१६ च्या आणखी एका मोठ्या अभ्यासात उत्तर भारतातल्या १.२३ टक्के, ईशान्येतल्या ०.८७ टक्के आणि दक्षिणेतल्या ०.१० टक्के प्रौढांच्या रक्तात या आजाराची प्रतिद्रव्यं सापडली. या आजाराकडे कल असलेली जनुकं तिन्ही ठिकाणी जवळपास सारख्याच प्रमाणात होती. गव्हात मात्र मोठा फरक होता. उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू, तर दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. फरीदाबादला राहायला आल्याने हा आजार होतो, असा याचा अर्थ नाही. पण ‘आम्ही भात-भाकरी खाणारे, आम्हाला हे कसं होईल’ असं म्हणून शंका झटकूनही चालणार नाही.

याचं निदान रक्तातल्या ‘टीटीजी’ प्रतिद्रव्याने सुरू होतं. सोबत एकूण ‘आयजीए’ही पाहतात, कारण ते मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटं नॉर्मल येऊ शकतं. आणि मुख्य अट म्हणजे तपासणीच्या वेळी माणूस गहू खात असला पाहिजे. गहू सोडला की प्रतिद्रव्यं उतरू लागतात, आतडं भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट फसवतो.

डॉक्टरांनी वहिनींना सहा आठवडे रोज दोन वेळा पोळी खायला सांगितली. ‘‘ज्याने त्रास होतो तेच परत खा म्हणतात,’’ म्हणून त्या रडवेल्या झाल्या होत्या. पण त्यांनी ते केलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा टीटीजी मर्यादेच्या कितीतरी पट वर होतं.

दुर्बिणीला घाबरू नका

प्रौढांमध्ये रक्ताच्या रिपोर्टवर डॉक्टर सहसा थांबत नाहीत. तोंडावाटे एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे घेतात. तपासणी काही मिनिटांची असते, घशात सुन्न करणारा फवारा मारतात, तुकडे घेताना दुखत नाही. वहिनींच्या तुकड्यांत अंकुर सपाट झालेले दिसले आणि निदान पक्कं झालं.

रक्त, आव किंवा वाढलेलं कॅलप्रोटेक्टिन असेल तर गुदद्वारावाटे कोलोनोस्कोपी करतात. आदल्या दिवशी हलका, पातळ आहार आणि पोट साफ करणारं औषध घ्यावं लागतं. खरं सांगायचं तर तपासणीपेक्षा ती आदली रात्रच जास्त जड जाते, तपासणी बहुधा गुंगीत होते. आतडं वरून अगदी ठीक दिसलं तरी तुकडे घेतात, कारण एका प्रकारची सूज फक्त सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

आपल्या देशात इथे एक मोठा पेच असतो. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन नावाचा आजार दुर्बिणीतून जवळपास सारखे दिसतात, पण उपचार मात्र उलटे. क्रोनमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. क्षयरोग असताना ती दिली तर रोग बळावतो. म्हणून तुकड्यांच्या विशेष तपासण्या, स्कॅन आणि कधीकधी क्षयाच्या औषधांना प्रतिसाद मिळतो का, हे पाहण्यात काही आठवडे जातात. डॉक्टर वेळ लावताहेत म्हणून अधीर होऊन मध्येच दवाखाना बदलू नका. बदललाच तर सगळे रिपोर्ट आणि स्लाइड सोबत न्या.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर?

‘काहीच नाही निघालं, म्हणजे मनाचे खेळ,’ असा शेरा घरून मिळतो. तो चुकीचा आहे. आतड्याचा हळवेपणा, म्हणजे आयबीएस, हा खरा आजार आहे. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखणं आणि त्या दुखण्याचा शौचाशी, त्याच्या वेळांशी किंवा स्वरूपाशी संबंध असणं, अशा ठरलेल्या खुणांवरून डॉक्टर त्याचं निदान करतात. आहारातले बदल, झोप, व्यायाम आणि औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो. मात्र वजन उतरणं, रक्त पडणं, ताप, रात्री उठावं लागणं किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर ‘आयबीएसच असणार’ असं घरी ठरवू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं करा

* सात दिवसांची नोंद मोबाइलमध्ये ठेवा. किती वेळा, कसं, रात्री उठावं लागलं का, काय खाल्लं होतं.
* सगळी औषधं, जुने रिपोर्ट आणि आधीच्या वजनाचा आकडा सोबत घ्या.
* गहू, दूध किंवा आणखी काही मनाने कायमचं बंद करू नका. आधीच बंद केलं असेल तर कधीपासून, ते सांगा.
* दुकानातून अँटिबायोटिक घेऊ नका. ताप किंवा रक्त असेल तर जुलाब थांबवणारी गोळीही नको.
* निदान होईपर्यंत पाणी, ओआरएस, पेज, ताक चालू ठेवा.

चक्कर येणं, लघवी खूप कमी होणं, शौचात बरंच रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, असह्य पोटदुखी किंवा बाळ मलूल पडणं, यांपैकी काही दिसलं तर नोंदी ठेवत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

सुरुवात मोठ्या खर्चाने करावी लागते असंही नाही. सुरुवातीच्या साध्या तपासण्या सरकारी रुग्णालयातही होतात. कारखान्यात नोकरी असेल आणि ईएसआयचं कार्ड असेल, तर फरीदाबादच्या एनआयटी भागात ईएसआयसीचं मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय आहे. वहिनींच्या यजमानांचं कार्ड वर्षानुवर्षं कपाटात पडून होतं!

आणि शेवटी...

वहिनींचं स्वयंपाकघर आता पुन्हा साताऱ्याचं झालंय. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, शिंगाडा, यांपैकी कशातच ग्लूटेन नाही. अडचण आली ती लपलेल्या गव्हाची. रवा, शेवया आणि दलिया तर समजले, पण बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. भाजणीतले गहू काढले. गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली तर पीठ मिसळतं, म्हणून छोटी घरगुती चक्की घेतली. पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलंय का, हे त्या आता बघून घेतात. भारतीय नियमाप्रमाणे अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. हे पथ्य जन्मभराचं आहे, आणि म्हणूनच ते अंदाजाने नव्हे, पक्क्या निदानानंतर सुरू करायचं असतं.

निदान पक्कं झाल्याचा आणखी एक फायदा झाला, तो मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हता. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या आई-वडील, भावंडं आणि मुलांनाही तो असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डॉक्टरांनी घरातल्यांची तपासणी सांगितली. वहिनींची नऊ वर्षांची लेक वर्गात सगळ्यात बुटकी. ‘आजीवर गेलीय’ म्हणून घरात सगळे हसायचे. तिला एक दिवसही जुलाब झाले नव्हते. तिचंही टीटीजी वाढलेलं निघालं आणि पुढच्या तपासण्यांत तिलाही तोच आजार असल्याचं ठरलं. वाढीची वर्षं हातात असताना ते कळलं.

व्हिडिओ पाहून वहिनी गहू सोडून तशाच राहिल्या असत्या, तर त्यांना थोडं बरं वाटत राहिलं असतं, आणि लेकीच्या डब्यात मात्र रोज पोळी-भाजी गेली असती. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘ताई, पुढच्या संक्रांतीला गुळपोळ्या मी करून आणणार, ज्वारीच्या पिठाच्या. जमल्या नाहीत तरी खायच्या हं!’’